एक आत्या, खुर्चीसकट

त्या गल्लीत जड वस्तू किलोत मोजायची पद्धत नव्हती. भाजी, साखर, रद्दी किलोत. पण एकट्यादुकट्याला उचलत नाही असं काहीही असलं की ते आत्यांत मोजलं जाई. लाकडी कपाट दीड आत्या. लोखंडी तिजोरी चार आत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिकेचा पियानो तीन आत्या आणि वर एक बादली भरला होता. ती बादली म्हणजे आत साठलेले चुकलेले सूर, असं शिंपीमास्तरांचं मत होतं. नवीन राहायला आलेली माणसं हा हिशेब ऐकून गोंधळत आणि विचारत, आत्या म्हणजे नेमकी किती? त्यावर कप्पीवाला गंभीर चेहऱ्यानं सांगे की चौथ्या मजल्यावर राहते, जाऊन बघून या.

हा कप्पीवाला म्हणजे खुंटीचा बाप. त्या भागातल्या इमारती उंच, पण जिने इतके अरुंद आणि वळणाचे, की नवरीला पदर सावरूनच चढावं लागे. कपाटाची तर गोष्टच सोडा. म्हणून प्रत्येक इमारतीच्या गच्चीतून एक लोखंडी तुळई रस्त्यावर डोकावायची. कप्पीवाला तिला कप्पी अडकवायचा, दोर ओवायचा आणि सामान खिडकीतून आतबाहेर करायचा. उमेदवारीच्या काळात त्यानं पहिला नवा दोर आणला तेव्हा तो पारखायला ठाऊक वजनाची वस्तू हवी होती. घरात अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे थोरली बहीण. ती फळीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, मी पडले तर उद्यापासून स्वयंपाक तू करायचा. दोर टिकला. त्या दिवसापासून ती माप झाली. मास्तरांनी जाड किंतानाच्या चार पिशव्या शिवल्या, कप्पीवाल्यानं बहिणीला मधोमध टेकवलेल्या फळीच्या एका टोकाला बसवून दुसऱ्या टोकाला त्या पिशव्यांत वाळू भरली, फळी आडवी झाली तेव्हा मास्तरांनी तोंडं शिवून टाकली. चार पिशव्या म्हणजे एक आत्या. पुढे तसल्या कितीतरी पिशव्या झाल्या, पण सगळ्या त्या पहिल्या चारांशी ताडून.

आत्याला ह्या गोष्टीचा विलक्षण अभिमान. कोणी 'अडीच आत्यांचं टेबल' म्हटलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कधी वजन करून घेतलंस का, असं विचारलं तर ती म्हणे, 'मापाला कोण मापतं?'

खुंटीचं नाव खुंटी पडलं, कारण शाळेत असल्यापासून ती बापाच्या कामावर जाई आणि जिथे उभी करावी तिथे उभी राही. तिच्या हातात दोराचं शेपूट असे. कामाची रीत अशी होती: दोराच्या एका टोकाला सामान, तो वर कप्पीवरून फिरून दुसऱ्या टोकाला वाळूच्या पिशव्या, सामानापेक्षा बादलीभर हलक्या. पिशव्यांच्या बुडाला बांधलेला दोर म्हणजे शेपूट. ते रस्त्यावरच्या लोखंडी खांबाला तीन वेढे घालून खुंटीनं धरायचं. सामान खाली यायला बघे, पिशव्या वर जायला बघत, आणि मध्ये फक्त त्या बादलीभर फरकाचा जोर. खांबाचे वेढे तोही खाऊन टाकत. शाळकरी पोरगी एका हातानं तिजोरी उतरवतेय हे बघायला लोक थांबत.

'दोन्ही बाजू सारख्या झाल्या की ओढायला उरतो तो फरक,' बाबा सांगत. 'सगळं वजन माणसानं का उचलायचं? वजनाला वजन उचलू द्यावं.'

लहानपणी तिनं एकदा दुहेरी कप्पीवर पेटी उचलली आणि ती निम्मी हलकी लागली, तेव्हा घाबरून विचारलं होतं की उरलेली निम्मी पेटी कुठे गेली. बाबांनी तिला पेटीकडे नाही, पायाशी पडलेल्या दोराकडे बघायला सांगितलं. पेटी हातभर चढली होती आणि दोर दोन हात जमला होता. निम्मा जोर, दुप्पट दोर, काम तेवढंच. निसर्ग सूट देत नाही, म्हणाले, हप्ते बांधून देतो.

गेल्या थंडीत बाबा गेले. कामावर नाही, दोरावरून नाही. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आत्याच्या गुडघ्यांनी त्याआधीच जिन्याशी संबंध तोडले होते. त्यामुळे भावाला तिनं शेवटचं पाहिलं ते चौथ्या मजल्याच्या खिडकीतून.  

आत्याला खाली आणायचं हे बाबांनीच ठरवलं होतं. तळमजल्यावर, दोर-कप्प्या ठेवायच्या कारखान्यामागे त्यांची एक खोली होती, तिथे त्यांनी पलंगही मांडून ठेवला होता. खुर्चीत बसवून महाराणीसारखी उतरवीन, असा शब्द दिला होता. आता त्या खोलीत नुसता पलंग होता. आत्या वर एकटी, कारण तिचा मुलगा दिवसभर कचेरीत. खुंटी खाली एकटी, कारण दुसरं कोणी नव्हतंच. मधल्या चार मजल्यांतून एक टोपली छोट्या कप्पीवर खाली-वर करायची. खुंटी दुपारचं जेवण तीतून वर पाठवी आणि डबा धुऊन लख्ख होऊन परत येई. दोघींचं बोलणं ओरडून चाले, म्हणजे गल्लीला ऐकू जाऊ नये असं काहीही त्या एकमेकींशी बोलू शकत नव्हत्या.

आत्याचा मुलगा, खुंटीचा आतेभाऊ आणि सगळ्यांचाच दादा, विमा कचेरीत होता. माणसाचं काय काय वाईट होऊ शकतं ह्याची यादी त्याला तोंडपाठ होती आणि ती म्हणून दाखवायला त्याचा गळाही गोड होता. त्याचं म्हणणं, स्ट्रेचर आणि दोन दणकट माणसं आणावीत, जिन्यावरून सरळ उतरवावं. आत्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं:

'आडवी मी एकदाच उतरणार. आणि तेव्हा मला विचारायची गरज नाही. आत्ता विचारतोयस, तर बसून.'

शेवटी असं ठरलं की रविवारी खुंटीनं एकदा प्रयत्न करायचा. एकदाच, दादा म्हणाला. नाही जमलं तर सोमवारी स्ट्रेचर. मग सोमवारी मी दार आतून लावून घेईन, आत्या म्हणाली, आणि पुन्हा कोणी विषय काढायचा नाही. तिचं दार लावून घेणं खुंटीला ठाऊक होतं. ते उघडायला लागणारी तरफ अजून कोणी बनवलेली नव्हती.

खुंटीनं तोवर एकटीनं एकही काम केलं नव्हतं. शेपूट धरणं वेगळं आणि डोळ्यानं वजन जोखणं वेगळं. जोखायचे ते बाबा. पण इथे जोखायचं काय होतं? गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही आत्याचं वजन पाठ होतं. चार पिशव्या, खुर्चीसाठी अर्धी, त्यातून एक बादली वजा. मास्तरांनी तरी विचारलं, एकदा काट्यावर बघायचं का? वरून उत्तर आलं, तेच नेहमीचं. मास्तर पिशव्या मोजायला लागले. जगात एक वस्तू तरी पक्की असावी, असं त्यांनाही वाटत असावं.

रविवारी सकाळी खिडकीची चौकट पाचर ठोकून सुटी केली. चाकाची खुर्ची जमिनीवरून खिडकीच्या कठड्यापर्यंत चढवायला फळ्यांची उतरण लागणार होती. ती दादानं आधीच लावून ठेवली होती, आखूड आणि उभी, घसरगुंडीसारखी. आत्याला बसवून त्यानं खुर्ची ढकलली. खुर्ची दोन विती चढली, दादाचे डोळे चार विती बाहेर आले, आणि दोघं मिळून मागे आली. खुंटीनं फळ्या काढल्या आणि उतरण स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून सुरू केली. दोन खोल्या ओलांडून, पलंगाला वळसा न घालता पलंगावरूनच, सावकाश चढत गेलेली. आता दादा एका हातानं ढकलत निघाला. वाटेत आत्यानं फडताळातून आपला चष्मा घेतला, कॅलेंडरचं पान उलटलं आणि भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्याबद्दल दादाला दोन शब्द सुनावले. इतकी लांबची वाट कशाला, दादानं विचारलं. वाट लांब आहे म्हणूनच तू बोलू शकतोयस, खुंटी म्हणाली.

पट्टे आवळले, दोर अडकवला, खुर्ची आकड्यानं खिडकीशेजारच्या गजाला बांधून बाहेर काढली. आत्या रस्त्यावर पाय सोडून बसली होती. अंगावर बाहेर जायचे कपडे, पायात नव्या चपला. खुंटी जिना उतरून खाली आली, शेपटाचे तीन वेढे खांबाला घातले. पिशव्या तिच्या डोक्याच्या वर हातभर लोंबकळत होत्या. त्या तशाच हव्यात. जमिनीला टेकलेलं वजन खोटं बोलतं, हे बाबांचं वाक्य. गल्ली माणसांनी भरली होती. जे एरवी रविवारी दहाआधी उठत नाहीत तेही दात घासत उभे होते.

खुंटीनं मान हलवली. दादानं डोळे मिटले आणि आकडा सोडला.

आत्या वर गेली.

घाईनं नाही. एखादी प्रमुख पाहुणी व्यासपीठाच्या पायऱ्या चढते तशी, ताठ, इकडेतिकडे न बघता. खुंटीच्या हातातलं शेपूट ढिलं पडलं. ते खाली येणारीला रोखायला होतं, वर जाणारीला रोखायची सोयच त्यात नव्हती, कारण अशी वेळ येईल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पिशव्या मात्र शांतपणे खाली आल्या, खुंटीच्या कानापासून, खांद्यापासून, कमरेपासून, आणि धप्पकन जमिनीवर बसल्या. वर खुर्ची गच्चीच्या कठड्याला समांतर थांबली आणि हलकेच डुलायला लागली. दादानं डोळे उघडले तर खिडकीत फक्त नव्या चपला.

गल्लीत दात घासणारेही थांबले होते.

'खुंटे,' वरून आवाज आला, 'खाली कुठल्या बाजूला आहे गं?'

मग जो हशा उठला तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत आला. मास्तर गळ्यातल्या टेपनं डोळे पुसू लागले. आणि वर, तुळईखाली, आत्या हसत होती. पोट धरून, खुर्ची गदागदा हलवत. खुंटीनं तो आवाज थंडीपासून ऐकला नव्हता. तिलाही हसू आवरेना, आणि हसता हसता हात मात्र खांबाला घट्ट.

हसणं ओसरलं तेव्हा प्रश्न उरला. आत्या वर, पिशव्या खाली, आणि दोन्हीकडून कोणी ढिम्म हलेना. म्हणजे पिशव्या जड होत्या. पिशव्या तर तेवढ्याच होत्या. मग काय ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, आणि सगळ्यांनी एकदमच आपापल्या पायांकडे बघितलं.

वारा आहे, आत्यानं वरून जाहीर केलं. मास्तरांनी बोट ओलं करून धरलं; वारा नव्हता. मग तुमची वाळू भिजली असेल, ती म्हणाली. मास्तरांनी पिशवी चाचपली. ती कोरडी ठणठणीत होती, पण ते वर ओरडून सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

तेवढ्यात कबुतरं आली. एक-दोन नव्हे, गच्चीवरचा सगळा थवा. आणि ती कबुतरं म्हणावीत तर बदकांएवढी. आत्याच्या खांद्यावर, मांडीवर, खुर्चीच्या पाठीवर ती अशी बसली, जशी पाहुणीच्या ओळखीची मंडळी बसतात, आणि जेवण कुठाय अशा नजरेनं तिच्या हातांकडे बघू लागली. दोन तर चालून चालून दमल्यासारखी वाटत होती. आत्यानं त्यांना हाकललं, पण मनापासून नाही.

खुंटी खालून बघत होती. रोजचा डबा. धुतलेला, लख्ख.

मास्तरांनी खिशातून कात्री काढली होती. एका पिशवीची शिवण दोन टाके उसवावी, वाळू सुटेल, पिशव्या हलक्या होतील, ताई आपोआप खाली येतील. त्यांनी शिवलेलीच शिवण होती, पुन्हा घालून देतील. बरोबरच होतं त्यांचं. खुंटीनंही तेच केलं असतं.

'मास्तर,' आत्या म्हणाली. आवाजात आता हसू नव्हतं. 'कात्री खिशात ठेवा. ते माप आहे. माझ्या भावानं धरलेलं आहे. त्यातली चिमूटभर वाळू सांडली तर मी इथून उतरायची नाही.'

ताई, अहो, वाळूच ती, मास्तर म्हणाले. आत्यानं उत्तरादाखल मांडी घातली. गच्चीच्या उंचीवर, खुर्चीत, पट्ट्यांसकट मांडी.

दादा खिडकीतून वाकून खुर्चीच्या चाकांना विनवत होता. अग्निशमन दलाला बोलवावं, गादी अंथरावी, निदान हेल्मेट द्यावं. आत्या त्याला वरूनच सूचना देत होती, आणि उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे गल्लीला प्रथमच इतकं स्पष्ट दिसत होतं. खुंटी पिशव्यांकडे बघत उभी होती. बाबा असते तर काय करते, हा प्रश्न तिनं मनात येऊ दिला आणि जाऊ दिला. बाबा असते तर हा फरक पडलाच नसता.

'दादा,' ती ओरडली, 'वाळूला हात नाही लावायचा. इकडचं कमी करायचं नाही, तिकडे भर घालू. घरात जे जड आहे ते घेऊन गच्चीवर जा. आणि उतरणीची एक लांब फळी घे.'

दादा गच्चीवर पोचला तेव्हा त्यानं आधी स्वतःला चादरीनं पाण्याच्या टाकीला बांधून घेतलं. मग फळी कठड्यावर ठेवली: खुर्चीच्या बाजूला हातभर बाहेर, बाकी सगळी आत. बाहेरच्या टोकावर जड वस्तू आली की फळी उलटेल, अशी त्याला भीती. आतलं टोक लांब आहे, एका बोटानं दाबलंस तरी पुरे, असं खुंटीनं खालून सांगितलं. दादानं बोटावर विश्वास ठेवला नाही. तो आतल्या टोकावर घोड्यावर बसतात तसा बसला, आणि झाडूनं वस्तू पुढे ढकलायला लागला. तो बसल्या जागी पाव आत्या पुरला असता. उरलेला नुसता काळजीचा होता.

पहिला आला दगडी खलबत्ता. आत्यानं तो मांडीवर घेतला, बत्ता शेजारी खोचला. पिशव्या हलल्या नाहीत.

मग डंबेल्सची जोडी. दादानं एका नव्या वर्षाच्या आरंभी आणली होती आणि तेव्हापासून ती दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून कामी येत होती. आज पहिल्यांदा कोणी उचलली, ती त्याच्या आईनं. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. खाली खुंटीनं पिशवीवर तळवा टेकला. किंतानाच्या सुरकुत्या ताणल्या गेल्या होत्या.

'अजून,' ती म्हणाली.

दादानं विमा नियमावलीचे दोन जाडजूड खंड पाठवले. निदान तेवढं संरक्षण बरोबर असावं, असा त्याचा हेतू असणार. आत्यानं ते बुडाखाली घेतले आणि उंच झाल्यामुळे आणखीच राजेशाही दिसू लागली. एका पिशवीचा कोपरा जमिनीवरून उठला. गल्लीनं श्वास रोखला. कोपरा परत टेकला.

आणखी काय द्यावं, दादा विचारू लागला. इस्त्री आहे, रेडिओ आहे, बादलीभर पाणी आहे. पाण्याला आत्यानं साफ नकार दिला. मग स्वतःच हात लांब करून गच्चीच्या कठड्यावरची आपली कुंडी मागितली, ती जाड मातीची, फुलं आलेली. ही तर मी नाहीतरी नेणारच होते, म्हणाली. दादानं कुंडी झाडूनं ढकलली, तिनं ती छातीशी धरली. कबुतरं उडाली.

पिशव्यांनी जमीन सोडली.

शेपूट ताणलं गेलं आणि खुंटीच्या तळहाताला ओळखीचा ओढा लागला. बादलीभर. ना थेंब कमी, ना थेंब जास्त. कितीतरी वर्षं हाच ओढा ह्याच जागी होता. तिनं पाय रोवले आणि दोर वेढ्यांतून वीतवीत सोडायला सुरुवात केली.

मग आत्या उतरली, आणि तिची ती मिरवणूक गल्लीत पुढे बरेच दिवस सांगितली गेली. चौथ्या मजल्यावरून जाताना तिनं स्वतःच्याच खोलीत डोकावून बघितलं आणि दिवा चालू राहिलाय म्हणून ओरडली. तिसऱ्या मजल्यावर संगीतशिक्षिकेनं खिडकी उघडून पियानोवर काहीतरी दणदणीत वाजवलं. आत्यानं खलबत्त्यात बत्ता आपटून ठेका धरला आणि एक सूर चुकला तिथे नेमका थांबवून दाखवला. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ दाढी करत होते. समोर अचानक कुंडी, चष्मा, दोन डंबेल्स आणि एक म्हातारी तरंगत आली, तेव्हा त्यांनी फेसासकट नमस्कार केला. कानामागे राहिलंय बघा, आत्या म्हणाली, आणि पुढे गेली, म्हणजे खाली गेली. मास्तर रस्त्यावर गोलगोल फिरत हात वर करून तिला झेलायच्या तयारीत होते. ते जेमतेम पाऊण आत्या असतील.

पहिला मजला ओलांडून खुर्ची खुंटीच्या डोक्याशी आली तेव्हा तिनं दोर आवळला. खुर्ची थांबली. आता ओरडायची गरज नव्हती, दोघींच्या मध्ये हातभर हवा होती. बऱ्याच महिन्यांनी त्या एकमेकींना इतक्या जवळून बघत होत्या, आणि बघण्यासारखं दोघींचंही बरंच कमी झालं होतं.

'रोजच द्यायचीस?' खुंटीनं हळू विचारलं. 'सगळं?'

'भाजी मी खायचे,' आत्या तितक्याच हळू म्हणाली. 'ती खात नाहीत.'

खुंटीनं मान हलवली.

'दादाला सांगितलं असतंस का?' आत्यानं विचारलं.

'तू ती कबुतरं लपवू शकली असतीस का?'

आत्यानं कुंडीतलं एक वाळकं पान खुडून खाली टाकलं.

'सोड,' ती म्हणाली. 'हात दुखेल तुझा.'

खुंटीनं दोर सोडला आणि खुर्ची उरलेलं अंतर उतरून रस्त्यावर टेकली. टेकली म्हणजे चाकांखाली एक खडासुद्धा करकरला नाही. टाळ्या पडल्या. दादा गच्चीवरून काय झालं, काय झालं असं विचारत होता; त्याला टाकीपासून सुटता येत नव्हतं, गाठ आपणच मारली हे तो विसरला होता. खुंटीनं शेपूट खांबाला पक्कं बांधलं, दोनदा ओढून पाहिलं, मगच खुर्चीचा आकडा सोडवला. मास्तरांनी कुंडी घेतली, डंबेल्स घेतली, नियमावलीचे खंड काढले, आणि एकेक वस्तू बाजूला ठेवताना ते प्रत्येकीला थोडा वेळ हातात जोखत होते. खलबत्ता ठेवून झाल्यावर ते उगाच चष्मा पुसत दुकानाकडे वळले.

खुर्ची कारखान्याच्या दारापर्यंत ढकलत नेली. तिथे दोन पायऱ्या होत्या. फळ्या आणते, खुंटी म्हणाली. आत्या म्हणाली, राहू दे, दोनच आहेत. तिनं खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उभं केलं, गुडघ्यांना काहीतरी अपशब्द वापरला, आणि डावा हात खुंटीच्या खांद्यावर टाकला.

आता मध्ये कप्पी नव्हती, वेढे नव्हते, पलीकडे वाळू नव्हती. खुंटीनं तिच्या कमरेला हात घातला आणि सगळं वजन सरळ अंगावर घेतलं. पहिली पायरी. थांबून दुसरी. कारखान्यात दोरांचा आणि तेलाचा वास होता. आत्यानं तो एकदा खोल घेतला आणि भिंतीवर टांगलेल्या बाबांच्या कप्प्यांवरून नजर फिरवली. मागच्या खोलीच्या दारात आल्यावर तिनं मान वळवून भाचीकडे बघितलं.

'जड होतेय का गं?'

'नाही,' खुंटी म्हणाली.

'होईन,' आत्या म्हणाली, आणि आत काय शिजलंय ते विचारलं.